ऐकणाऱ्याची पारख

शहापूर, बेळगाव
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, सन १९२६

आक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो आणि ठेवून झालं की लगेच वर करतो, कारण मान खाली घालावी असं मी काही केलेलं नाही.

परवा तू न जेवता गेलीस. तुझी भावजय जयाबाई ओटीचे तांदूळ सुपात घेऊन दारापर्यंत आली होती. तू तिच्याकडं न बघता गाडीत बसलीस आणि भावाचं दार आपल्याला बंद झालं म्हणालीस. दार मी बंद केलेलं नाही. ते आजही उघडं आहे आणि तुझ्यासाठी उघडंच राहील. पण माझ्या पोरीनं जे सांगितलं ते मी मागं घेणार नाही, तिलाही घ्यायला लावणार नाही.

हे पत्र तुमच्या सदलग्याच्या शाळामास्तरांकडून वाचून घे. दाजींकडून नको आणि परशरामकडून तर नकोच. यात त्याच्याविषयी लिहावं लागणार आहे. पोराची निंदा पोराच्याच तोंडून आईनं ऐकावी हे मला बरं वाटत नाही.

अंबू तुझ्या परशरामला द्यायची हे आपल्या सगळ्या भाऊबंदांना ठाऊक होतं. ती पाळण्यात होती तेव्हाच तू तिच्या कपाळाला कुंकू लावून मागितलीस आणि मी आनंदानं हो म्हटलं. आत्त्याच्या घरी भाची जाते, यात नवं काय? परशराम दिसायला चांगला, शिकलेला, दाजींचं कापडाचं दुकान चालतं. माझ्या मनात काही किंतु नव्हता. म्हणून तर तुम्ही सुपारी फोडायला आलात तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना नाटकाला नेलं. गावात नाटकाचा तंबू पडलेला असताना पाहुण्याला नाटक न दाखवता पाठवायचं, हे आमच्या घरात होत नाही. तुला माहीत आहे.

त्या दिवशी राणीचं काम करणारा नट आता म्हातारा झाला आहे. मी मिशी फुटायच्या वयात त्याला ऐकलं होतं, तेव्हा खानापूरकडची माणसं गाड्या जुंपून त्याच्या गाण्याला यायची. वनवासातलं पद तो वर चढवायला गेला आणि त्याचा आवाज फाटला. तंबूत एकदम शांत झालं. त्या शांततेत परशरामनं त्याच सुरात गाढवासारखं ओरडून दाखवलं. लोक हसले. तूही बायकांच्या बाजूला बसून हे ऐकलं आहेस.

अंबू हसण्यावरून बिथरली असं तू सगळ्यांना सांगते आहेस. ते खरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागाजवळ येऊन मला म्हणाली, हे लग्न मला नको. मी चिडलो. आवाज चढवून विचारलं, एवढ्या तेवढ्या चेष्टेवरून घरं मोडायची काय? तेव्हा तिनं जे उत्तर दिलं ते तू ऐकलं नाहीस, तू आत रडत होतीस. म्हणून इथं लिहितो, तिच्याच बोलीत.

"हसले त्येचं काय न्हाय, आप्पा. माणूस हसतंय. पर त्या म्हाताऱ्यानं हात जोडलं आन् तेच पद पुन्यांदा खालच्या सुरात धरलं. सगळा तंबू गप झाला. तुमी डोळं पुसत होता, मी बघितलं. तवा परशराम पाठ फिरवून दोस्तांकडनं शाबासकी घेत बसलेले. ते गाणं ऐकायला आलेच नव्हते. कोण कवा पडतंय ते बघायला आलते."

मी हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. आक्का, मी पंचवीस वर्षं नाटकं बघतो, पण मला ते पद ऐकताना शेजारचा माणूस दिसला नाही. माझ्या पोरीला पदही ऐकू आलं आणि माणूसही दिसला. तिला मी काय म्हणून अडवू?

तुझा,
केदारी


शहापूर
चैत्र वद्य पंचमी, सन १९२७

आक्का,

उत्तर नाही. ठीक आहे. माझ्या घरात शाई आहे तोवर मी लिहिणार.

सूत घेऊन सदलग्याचा सिद्राम आला होता. त्याच्याकडून तुझा निरोप कळला, की पोरीच्या गाण्याच्या नादानं घर मोडलं, आता बसू दे तिला नाटकाच्या जाहिराती बघत. सिद्राम हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, आक्काला म्हणावं निरोप पोचला, भाऊ खुशाल आहे.

खुशाल आहे हे अर्धं खरं. आमच्या गल्लीत अंबूला आता नाटकवाली म्हणतात. वडगावचे एक पाहुणे तिला बघायला यायचे होते, ते गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन कुणाशी तरी बोलले आणि तिथूनच परत गेले. जयाबाईनं केलेला शिरा आम्हीच खाल्ला. विहिरीवर बायका विचारतात, पुढच्या जावयाला कुठलं गाणं म्हणायला लावणार? जयाबाई घरी येऊन रडते. अंबू रडत नाही. ती काठाच्या रंगांची सुतं मांडून बसते आणि मला विचारते, आप्पा, ह्या जांभळ्याशेजारी हिरवा चालंल काय? आणि चालतो, आक्का. मला सुचला नसता असा रंग ती धरते. शहापुरात काठ विणणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या घरातून गेलेला काठ पेठेत लांबून ओळखतात. ते आता तिच्यामुळं.

तू म्हणशील, पोरीचं कौतुक पुरे. मग तुझी गोष्ट सांगतो. ती मी कुणाला कधी सांगितली नाही. जयाबाईलासुद्धा नाही.

तुझं लग्न झालं तेव्हा पहिल्या खेपेला तुझ्यासोबत सदलग्याला मी आलो होतो. लहान होतो, पण सगळं आठवतं. आपल्या घरी तू ताणा लावताना गायचीस तेव्हा शेजारचे माग थांबायचे. आपले आप्पा म्हणायचे, बायाक्का गाते तेव्हा सूत तुटत नाही. सासरी पहिल्या पहाटे तू जात्यावर बसलीस आणि ओवी धरलीस. मी सोप्यात जागा होतो. मला वाटलं, आता ह्या घरालाही कळेल आमची आक्का काय आहे. तेवढ्यात दाजी अंथरुणातूनच म्हणाले, जात्याला तेल घातलं न्हाय काय, लई करकरतंय. सगळं घर हसलं. तूही हसलीस.

दुसऱ्या पहाटेपासून नुसतं जातं ऐकू आलं.

दाजी वाईट माणूस नाहीत. तुला त्यांनी कधी अंगाला हात लावला नाही, कशाला कमी पडू दिलं नाही, हे मी चारचौघांत सांगतो. पण त्या घरात ऐकणारं कुणी नव्हतं. परशराम त्या घरात वाढला. त्याला लहानपणापासून एवढंच दिसलं, की कुणी गायला लागलं की हसायचं असतं. त्याचा दोष किती आणि घराचा किती, ते मी तोलत बसत नाही. मी एवढंच म्हणतो, की एक पोर मी त्या घरात दिली जाताना बघितली आहे. दुसरी नाही देणार.

हे वाचून तू रागावशील. रागाव. पण गप्प राहून मी तुझा भाऊ झालो असतो काय?

केदारी


शहापूर
भाद्रपद शुद्ध दशमी, सन १९२७

आक्का,

एक सांगायचं आहे आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगायचं आहे.

वडगावात भरमू म्हणून एक विणकर आहे. आपल्याच जातीतला. जाडंभरडं, साधं, बिनकाठाचं लुगडं विणतो, जे शेतावर जाणाऱ्या बायका नेसतात. बाप नाही, आई आहे. श्रावणात तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, मला एक काठ विणायला शिकवा, एकच. मी विचारलं, पेठेत विकायला? तर नाही म्हणाला. आईसाठी.

मी त्याच्यापुढं आपल्या घरचे नमुने टाकले. मोरांचा काठ टाकला, तो बघून सगळे मोहात पडतात. त्यानं बघितला, चांगला आहे म्हणाला आणि बाजूला ठेवला. मग त्यानं डोळे मिटले आणि एकेका काठावरून बोटं फिरवायला लागला. मला वाटलं, काय नाटक आहे हे. अंबू आतल्या दारात उभी होती. तिनं सरळ विचारलं, असं का करता?

"आईला दिसत न्हाय," तो म्हणाला. "दोन वरसं झाली. तिला हाताला लागंल असा काठ पायजे. रंग कुठलाबी चालंल. न्हाय, कुठलाबी न्हाय. तिला पूर्वी डाळिंबी आवडायचा. दुसऱ्यांनी बघितल्यावर ती चांगली दिसाय पायजे."

मी नमुना शोधायला लागलो, पण अंबूनं आधीच आतून रुईफुलाचा जुना काठ आणला. त्याची वीण उठून येते, बोटाखाली एकेक फूल मोजता येतं. भरमूनं पुन्हा डोळे मिटून तो चाचपला आणि त्याचा चेहरा असा झाला, की मी तिथून उठून पाणी प्यायला गेलो.

तो काठ शिकायला येत राहिला. त्याचा हात जड आहे, बारीक कामाला वेळ लागतो. चुकला की उसवतो, चिडत नाही. अंबू त्याच्या चुका तोंडावर सांगते. एकदा मी म्हटलं, जरा मऊ बोल, परका माणूस आहे. तर भरमूच म्हणाला, बोलू दे मामा, त्यांना दिसतंय म्हणून सांगतात.

लुगडं पुरं झालं तेव्हा त्याची आई ते नेसून आमच्या घरी आली. त्याच्या खांद्याला धरून आली. अंबूचा हात हातात घेऊन तिनं तो काठावर ठेवला आणि म्हणाली, हे फूल तूच निवडलंस न्हवं? आणि मग, आक्का, त्या बाईनं मला विचारलं. हुंडा नाही, मानपान नाही, नुसतं विचारलं, की ही पोर आमच्या घरी येईल काय.

मी अंबूकडं बघितलं. ती म्हणाली, व्हय.

जयाबाईला वाटतं पोर गरिबीत पडते आहे. पडते आहे, खरंच आहे. वडगावचं ते घर दोन खणांचं आहे, एका खणात माग. तुमच्या सदलग्याच्या माडीपुढं ते काहीच नाही. पण मी छाती काढून सांगतो, की माझ्या पोरीनं स्वतःसाठी मी बघितलेल्यापेक्षा चांगलं घर बघितलं.

लग्न वैशाखात. आत्त्या म्हणून पहिला मान तुझा. ये.

केदारी


शहापूर
वैशाख वद्य अष्टमी, सन १९२८

आक्का,

तू आली नाहीस. मांडवात तुझ्या नावाचा पाट मी शेवटपर्यंत उचलू दिला नाही. एकजण त्यावर बसायला गेला, त्याला उठवलं.

पण परशराम आला.

तो मांडवाच्या कडेला उभा दिसला. चार माणसं कुजबुजायला लागली. जयाबाई म्हणाली, आता हा काही तरी बोलणार. तो सरळ पुढं आला, नवऱ्यामुलाला आहेर दिला, अंबूला तुझं हिरवं लुगडं दिलं आणि पंगतीत बसून जेवला. वाढणाऱ्या पोरांनी त्याला टोचून बोलायचा प्रयत्न केला, तो मान खाली घालून जेवत राहिला. निघताना मी त्याच्यासोबत नाक्यापर्यंत गेलो. वाटेत विचारलं, आईला माझी पत्रं मिळतात काय? मास्तर नीट वाचून दाखवतात ना?

तो म्हणाला, "मास्तर कवाच बदलून गेले, मामा. पहिल्या पत्रापासनं मीच वाचतो."

मी रस्त्यातच थांबलो. सगळं? मी विचारलं. ते गाढवाचं? ते घराचं?

"सगळं. आई म्हणाली, एक अक्षर गाळलंस तर मला कळंल, केदारी कसा बोलतो मला म्हाईत हाय. मी गाळलं न्हाय. पहिलं वाचलं तवा तुमच्या घरी यून भांडावं असं वाटलं. पर आई म्हणाली, पुन्यांदा वाच. पुन्यांदा वाचताना राग यायच्या ऐवजी लाजच वाटाय लागली."

आक्का, मी पोराची निंदा पोराच्या तोंडी पडू नये म्हणून मास्तरांचं नाव लिहिलं होतं. आणि तो बिचारा प्रत्येक पत्र स्वतःच्या गळ्यानं मोठ्यानं वाचत होता. त्याच्या जागी मी असतो तर दोन ओळी नक्की चोरल्या असत्या.

मग त्यानं दुसरं सांगितलं. जात्याची गोष्ट वाचून झाल्यावर त्यानं तुला विचारलं म्हणे, आई, तू गात होतीस? आणि तू म्हणालीस, कामाला लाग. तो पुन्हा विचारायला धजला नाही. पण पुढं एका दुपारी दाजी दुकानात असताना तो घरी आला आणि त्याला परसातून तुझा आवाज आला. नुसतं गुणगुणणं. तो दाराबाहेरच उभा राहिला. मी विचारलं, आत का गेला नाहीस? तो म्हणाला, "गेलो असतो तर थांबली असती."

तुला हे माहीत नसेल. आता माहीत झालं. आणि हेही तोच तुला वाचून दाखवत असणार, तर परशराम, ऐक, हे तुला लिहितो. मी तुझ्याविषयी जे लिहिलं ते त्या दिवशी खरं होतं आणि मी त्यातला शब्द खोडणार नाही. पण नाक्यावर तू मला जे सांगितलंस तेही खरं आहे आणि ते मी शहापुरात ज्याला त्याला सांगतो आहे. माझा भाचा आहे तू. आजवर हे म्हणताना आवाज खाली यायचा, आता येत नाही.

अंबूला मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला क्षणभर तरी वाटेल की घाई केली. ती चूल फुंकत होती. म्हणाली, "बरं झालं. आत्त्याला कुणीतरी ऐकणारं मिळालं." मी म्हटलं, मग त्या दिवशीचं? तर म्हणते, "त्या दिवशीच्या माणसाला मी न्हाय म्हणाले, आप्पा. आज मांडवात आलता तो येगळा. नाव तेवढं त्येच हाय."

अशी आहे माझी पोर. झुकत नाही आणि आकस धरत नाही. हे तिच्यात माझ्याकडून आलं असं मला म्हणायला आवडलं असतं, पण आकस न धरणं माझ्यात नाही. ते तुझं आहे, म्हणून तर परशरामसोबत तुझं लुगडं आलं.

केदारी


शहापूर
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, सन १९२८

आक्का,

तुझं पत्र आलं. अक्षर परशरामचं, बोलणं तुझं. पोस्टमननं दारात हाक मारली आणि पाकिटावर सदलग्याचा शिक्का दिसला तेव्हा मी मागाच्या खड्ड्यातून असा उठलो की ताणा तुटला. जयाबाईनं बोल लावले नाहीत. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं. जाऊ दे. दोन वर्षं त्यांनी आमची उणीदुणी ऐकली, एक दिवस हेही ऐकू दे.

तू लिहिलंस की दाजींनाही आता सगळं ठाऊक आहे. परशराम पत्रं वाचून दाखवत होता हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी तुला विचारलं, की मी खरंच जात्याविषयी असं म्हणालो होतो काय, मला तर आठवतसुद्धा नाही. तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. मी विचारणारही नाही. नवराबायकोतलं ते तुमचं. पण तीस वर्षांनी का होईना त्यांनी विचारलं. दाजींना माझा नमस्कार सांग. मनापासून सांगतो आहे.

आता कामाचं. निपाणीला परशरामसाठी मुलगी बघायची आहे, आपल्यातलेच लोक, सुताचा व्यवहार आहे, मुलगी चौथीपर्यंत शिकलेली. आणि परशरामनं अट घातली आहे, की अंबूताई बघायला आली पाहिजे, तिनं हो म्हटलं तरच. तू लिहितेस, पोर खुळ्यासारखा हट्टाला पेटला आहे, लोक काय म्हणतील, जिनं ह्याला नाकारलं तिलाच घेऊन मुलगी बघायला जायचं?

लोक म्हणतील ते म्हणू देत. माझी छाती हे पत्र वाचून दोन बोटं रुंद झाली आहे. ज्या पोरीनं त्याला नको म्हटलं, तिच्याच नजरेवर त्याचा भरवसा बसला. असा माणूस मी आपल्या जातीत दुसरा बघितला नाही. नाटकवाली म्हणणाऱ्यांना मी हे पत्र दाखवलं. हो, दाखवलं. तू रागावशील, पण मला राहवलं नाही.

काल वडगावला जाऊन अंबूला विचारलं. भरमू मागावर होता, त्याची आई ओट्यावर उन्हाला बसली होती. अंबूला दिवस गेले आहेत, ती सावकाश उठते बसते, पण निपाणीपर्यंत गाडीनं येईन म्हणाली. मला वाटलं, आता ही मोठेपणा दाखवणार, मुलीला काय काय विचारायचं ते सांगणार. मी म्हटलंसुद्धा, की बाई, तुझी पारख सगळ्यांनी मानली, आता जाऊन त्या पोरीची नीट परीक्षा घे.

ती सुताची गुंडी सोडवत होती. हात थांबवला नाही.

"येते म्हणून कळवा आत्त्याला," ती म्हणाली. "पर परशरामच्या अंगानं बसणार न्हाय मी. त्या पोरीच्या शेजारी बसणार. ह्यो तुला पसंत हाय काय, ते तिला कुणीतरी इचाराय पायजे न्हवं?"

ओट्यावरची म्हातारी हसली. मी तिथूनच गाडी सांगायला गेलो, आक्का.

आम्ही पौर्णिमेनंतर निघतो. आधी सदलग्याला येतो आणि तुला घेऊन निपाणीला.

तुझा भाऊ,
केदारी